क्रो लोकांच्या मिरवणुका: नुसता देखावा?

क्रो ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. 'सरकारने भरवलेल्या जत्रेत क्रो लोक नुसते शोभेला होते' असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. १९०४ साली मोंटाना राज्यात क्रो फेअर ही जत्रा सुरू केली ती क्रो लोकांच्या देखरेखीला नेमलेल्या सरकारी एजंट रेनॉल्ड्सने, गोऱ्यांच्या काउंटी फेअरच्या (जिल्ह्याच्या शेतकी जत्रेच्या) धर्तीवर. हेतू उघड होता: क्रो लोकांनी शेती करावी, भाज्या आणि जनावरं मांडून बक्षिसं मिळवावीत. पण १८८३ पासून सरकारने ज्या नाचांवर बंधनं घातली होती, त्यांना याच जत्रेत वाव मिळाला. एजंटाला भोपळे दाखवायचे आणि आपले नाच-घोडे चालू ठेवायचे, असा हा सौदा!

मिरवणुकीत तर बायकांचाच थाट. अंगात एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) सुळ्यांनी मढवलेला लोकरी झगा, घोड्याच्या छातीवर रुंद मणीकामाचा पट्टा, खोगिराला लटकवलेला बाळाचा पाळणा. एका एल्कला असे सुळे दोनच असतात, त्यामुळे शेकडो सुळ्यांचा झगा म्हणजे घरातल्या शिकाऱ्यांची मिरवलेली कमाई (हाडाचे नकली सुळेही चालायचे म्हणा). हे सगळं एजंटाने थोडंच शिकवलं होतं? ही जत्रा आजही ऑगस्टमध्ये भरते, आणि आता ती क्रो लोक स्वतःच भरवतात.