परदेशी पदार्थ घरी: जिन्नस बदला, कृती नको. पटतंय का?

तिरफळ (फोंडा)

मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. परदेशी पदार्थ घरी करताना कुणी जिन्नस बदलला तर माझी तक्रार नाही. कृती बदलली तर आहे. आणि आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. किनाऱ्यावरच्या दुकानांतून महागडे डबे आणि बाटल्या आणायच्या, आणि चूल पेटली की हात मात्र सवयीप्रमाणे चालवायचा.

थाई हिरव्या करीचं बघा. डब्यातलं नारळाचं दूध, आयात केलेलं वाटण, सगळं आणलं. मग तेलात कांदा परतला, त्यावर वाटण, त्यावर दूध, एक उकळी, झालं. जुन्या थाई पद्धतीत नारळाचा दाट रस आधी एकटाच आटवतात. त्याला तेल सुटलं की त्या तेलात वाटण परततात. आपल्या हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, रस फुटला तर सासूचा चेहरा बदलतो, तिथे तो फुटायलाच हवा. बहुतेक डब्यांतल्या दुधात ते फुटू नये म्हणूनच काहीबाही घातलेलं असतं, त्यामुळे कितीही आटवा, तेल सुटत नाही. म्हणजे परसातला नारळ किसून पिळलेला रस इथे आयात मालापेक्षा सरस. त्यांचा ताडगूळ, आपला माडाचा गूळ. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. गलांगल नाही मिळालं तर आलं घाला, वास वेगळा येईल, मी गप्प बसेन. पण रसाचं तेल न काढता केलेली ती करी म्हणजे हिरवा रस्सा.

दुसरं उदाहरण जरा गंभीर आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात आणि धुऊन मग दळतात. त्यानं साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात अडकून असलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, चुना तिथेच सोडला. उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन न मिळाल्यानं होणारा रोग, झाला, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही तेच. जिन्नस प्रवासाला निघाला आणि कृती मागे राहिली, तर असं होतं. आपण काही रोज टॉर्टिया (तिथली मक्याची पोळी) खाणार नाही, त्यामुळे पेलाग्राची भीती नको. पण साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया तुटते म्हणून त्यात मैदा ढकलणाऱ्यांनी ती का तुटते एवढं तरी विचारावं.

या आता विरोधक.

रविवारचा_आचारी (पर्वरी)

असहमत. ताई, कृती कृती म्हणता, पण कृतीत भांडी आणि जाळही येतो ना? नेपल्सच्या पिझ्झ्याची भट्टी ४५० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर तापते, पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर. ती कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीतसुद्धा गेली. माझ्या ओटीजीचा काटा २५० वर थांबतो. कृती जपायची तर मी पिझ्झा करायचाच नाही का? मी बिडाचा तवा कडकडीत तापवून त्यावर पोळी टाकतो, खाल्ची बाजू धरली की वरच्या आचेखाली ढकलतो. नेपल्सवाला बघून रडेल, पण कडा फुगतात.

आणि तुमचा 'जिन्नस काहीही चालेल' हा भाग तर अजिबात पटला नाही. उकड्या तांदळाची रिसोतो (इटलीचा दाट, मऊ भात) करून दाखवा. कृती तंतोतंत, गरम पाणी थोडं थोडं, ढवळणं अखंड. संध्याकाळपर्यंत ढवळा, दाणा आपला सुटाच.

तिरफळ (फोंडा)

'काहीही चालेल' असं मी कुठे लिहिलं? जिन्नसाचं त्या पदार्थात काम काय, ते बघून बदला. रिसोतोत तांदळानं स्टार्च सोडायचा असतो. उकडा भात साळीतच एकदा शिजून घट्ट झालेला, तो कुठून सोडणार? त्यापेक्षा खिरीसाठी घेतो तसला आखूड, चिकट तांदूळ घ्या, इटलीचा नसला तरी.

पिझ्झ्याबद्दल: तुमचा तवा मला चालतो. खालून कडक, वरून कडक, झटपट, हीच तर कृती. मंद आचेवर चाळीस मिनिटं भाजलात तर मी आक्षेप घेईन.

मांडवीकाठ (पणजी)

तिरफळताई, आपला युक्तिवाद देखणा आहे, पण तो गोव्यात बसून करणे धाडसाचे आहे.

पोर्तुगीज लोक डुकराचे मांस वाइन आणि लसणीत मुरवत. ते इथे आले, १५१० नंतर स्थिरावले, आणि त्या मुरवणाचे काय झाले? वाइनऐवजी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आले, त्यात मिरची, जिरे, मिरी, दालचिनी वाटून घातली गेली, आणि तो विंदालू झाला. यात नुसता जिन्नस बदलला असे कोण म्हणेल? मुळात आपले वाटण ही संपूर्ण वेगळी कृती तिथे घुसली. पुन्हा ती मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून त्यांच्याच जहाजांवरून आलेली. त्याआधी इथला तिखटपणा मिरी आणि पिंपळीचा. काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी) आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींच्या वाटेने आले असे मानतात, तेही आज तिथल्यासारखे राहिलेले नाही.

त्या काळात एखादी तिरफळताई घराघरांत फिरून 'कृती बदलू नका' म्हणत असती, तर आज ज्याला आपण गोव्याचे जेवण म्हणून मिरवतो त्यातले निम्मे अर्धे जन्मालाच आले नसते. हिंदू घरांनी तर पावालाही पिढ्यान्पिढ्या लांब ठेवले. पाव खाल्ला की बाटला, अशा गोष्टी आमच्या आज्या सांगत. आज पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजली की त्यांचीच पतवंडे पोई (गोव्याचा पाव) घ्यायला धावतात.

म्हापशेकर

मांडवीकाठ बाब, +१.

अवांतर: २०१६ साली जेमी ऑलिव्हर या इंग्रज शेफनं पाएयात (स्पेनच्या भातात) चोरिझो, म्हणजे डुकराचं सॉसेज, घातला, तर अख्खा स्पेन त्याच्यावर तुटून पडला होता. आमच्याकडे शुक्रवारच्या बाजारातून चोरिसांची माळ आणून भातात घालतात त्याला आम्ही सरळ चोरीस पुलाव म्हणतो. भांडण नाही, तंटा नाही. नाव बदला आणि सुखानं जेवा.

शिवराक_सोमवार (माशेल)

मला वेगळ्याच बाजूनं विरोध करायचाय. आमच्या घरी सोमवार, श्रावण, चतुर्थी सगळं शिवराक, म्हणजे शाकाहारी. मुलीला पेस्तो (बेझिलची इटालियन चटणी) आवडतो. जेनोव्हाच्या पारंपरिक पेस्तोत पार्मिजानो चीज लागतं, आणि ते बनवायच्या नियमातच वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) आहे. दूध, मीठ आणि ते. दुसरं काही वापरलं तर त्याला ते नाव लावता येत नाही. पेकोरिनो रोमानो या चीजमध्ये कोकराचं. आता 'मूळ चव, मूळ चव' करणारे हे सांगत नाहीत. पुष्कळांना ठाऊकही नसतं, श्रावणात भाताभोवती पाणी फिरवतात आणि शेजारी पास्त्यावर तेच चीज किसतात.

मी पाकिटावर हिरवा ठिपका बघून इथलं चीज घेते, सूक्ष्मजीवांपासूनच्या विरजणाचं. पाइन नट्सऐवजी काजू. बेझिलऐवजी मात्र तुळस नाही घालत, वृंदावनातली खुडून मिक्सरात घालायची माझी हिंमत नाही, आणि तिची चव लवंगेकडे जाते. बेझिल कुंडीत लावलंय. तिरफळताईंच्या नियमात मी बसते, पण माझं कारण चवीचं नाही. आमच्या घरात काय शिजतं ते आम्ही ठरवणार, इटली नाही.

म्हापशेकर

काजू घातले तरी बिघडलं काय? युरोपात बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्तोत काजूच असतात. आणि काजू तरी आपला कुठला, ब्राझीलहून आलेला पाहुणा. :)

दर्यावर्दी (बेती)

इथे मी तिरफळताईंच्या बाजूनं, आणि थोडा जोरानंच.

हल्ली घरी सुशी करायची टूम निघालीय. 'मालिम जेटीवरून सकाळी उतरलेला इसवण (सुरमई) आणला, एवढा ताजा मासा जपानातही नसेल' असं अभिमानानं सांगतात. ताजेपणाचा आणि कच्चं खाण्याचा संबंध लोकांना वाटतो तसा नाही. समुद्रातल्या माशातही कृमी असतात. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचा दंडक असा की कच्चा खायचा बहुतेक मासा उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ ला गोठवून त्याच थंडीत पंधरा तास ठेवायचा. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, तोही दिवसातून दहादा उघडतो. शिवाय गोठवून कृमी मरतात, जिवाणू मरत नाहीत. पेरू देशातल्या सेव्हिचे या पदार्थात लिंबाच्या रसानं मासा पांढरा होतो म्हणून तो 'शिजला' असं समजणारेही भेटतात. आंबटानं प्रथिनं घट्ट होतात, एवढंच.

गोव्यात मासळी जेटीवरून सुटते ती बर्फाच्या पेटीतून, टेम्पोतून, बाजारातल्या फळीवरून आपल्या पिशवीत येते. या प्रवासाला आपली कृती सरावलेली आहे: मीठ, हळद, आगळ आणि खणखणीत जाळ. सुशी करायची हौस असेल तर भाताला व्हिनेगर लावा, आत काकडी नाहीतर शिजवलेली सुंगटं (कोळंबी) घाला. तीही जपानात खातात.

रविवारचा_आचारी (पर्वरी)

दर्यावर्दी, हे मान्य. सुरक्षेचा प्रश्न वेगळा, तिथे वाद नाही. पण त्यावरून प्रत्येक आजीची कृती वेदवाक्य होत नाही. कार्बोनारात (अंडं, चीज आणि डुकराच्या मांसाचा पास्ता) क्रीम घातलं म्हणून कुणी आजारी पडत नाही.

तिरफळ (फोंडा)

आजारी पडत नाही, पण अंडं आणि चीज पास्त्याच्या उरल्या उष्णतेवर दाट करण्याची जी गंमत आहे ती शिकायची राहते. क्रीम म्हणजे त्यातून काढलेली पळवाट. मिरी, अंडं, चीज, पास्त्याचं पाणी, एवढ्यात जमतं. डुकराचं नको असेल तर वगळा, मी काही बोलणार नाही.

कुळागरची_बाय (सावईवेरे)

सगळे लिहून झाले असतील तर मी एक विचारू? ही कृती जपणार कोण?

आमच्या घरात परदेशी पदार्थ म्हणजे रविवार, आणि रविवार म्हणजे 'हे'. सकाळी व्हिडिओ बघणार, खलबत्ता शोधायला लावणार, कारण मिक्सरात वाटलं की म्हणे पानं काळी पडतात. नारळ मी किसायचा, रस मी पिळायचा, तेल सुटेपर्यंत ढवळताना फोटो यांचा. जेवण तीन वाजता. मग सगळे वा वा करून आडवे, आणि ओट्यावर भांड्यांचा डोंगर. रोजच्या हुमणाला, तोणकाला (कडधान्याच्या उसळीला) कुणी वा म्हटल्याचं आठवत नाही.

तिरफळताई, तुमची करी बरोबरच असेल. पण आठवड्याला एक दिवस डब्यातलं दूध ओतून अर्ध्या तासात मोकळी झालेली बाई चुकली असं मी म्हणणार नाही.

रविवारचा_आचारी (पर्वरी)

वहिनी, माझी बायको हे वाचतेय, कृपया.

तिरफळ (फोंडा)

बाय, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तुमच्या यजमानांसाठी: जो ढवळेल त्यानंच किसावं आणि त्यानंच घासावं. पदार्थ शिकायचा म्हणजे सगळा शिकायचा. डबा वापरायचा तर वापरा, तुमचा वेळ तुमचा. त्याला 'अगदी थायलंडसारखी' म्हणून फोटो टाकला तरच मी खाली लिहीन.

पाटो_ते_पणजी

इथे एक दुटप्पीपणा दिसतोय. मांडवीकाठ बाब म्हणतात बदलातूनच सगळं जन्मलं. मग हॉटेलात टोमॅटोच्या रश्शात क्रीम ओतून 'गोवन फिश करी' म्हणून वाढतात तेव्हा आपण सगळे का चिडतो? बांगड्याच्या उडदामेथीत तिरफळाऐवजी कुणी ओवा घातला तर? चतुर्थीच्या खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या कालवणात) एखादी भाजी कमी पडली तर घरात कुजबुज होते. आपल्या पदार्थाला सोवळं आणि दुसऱ्याच्या पदार्थाला मोकळं रान, हे कसं?

मांडवीकाठ (पणजी)

प्रश्न रास्त आहे. माझा राग घरच्या चुलीवर नाही. हॉटेलवाला पैसे घेऊन पाहुण्याला 'हेच गोव्याचे' म्हणून सांगतो आणि तो पाहुणा तेच खरे धरून परत जातो. दिल्लीतल्या एखाद्या घरी कुणी आवडीने हुमण करून त्यात कढीपत्ता घातला तर मला आनंदच होईल. विकणारा आणि जेवणारा यांना एकच माप लावू नये.

पाटो_ते_पणजी

अंशतः सहमत. पण आजकाल घरचाच माणूस व्हिडिओ टाकतो आणि तो लाखभर लोक बघतात. मग तो घरचा की विकणारा?

नवशिकी_वास्को

मोठ्यांचं चालू द्या, मला एक अडचण आहे. किमची (कोरियाचं आंबवलेलं कोबीचं लोणचं) घालायचीय. सगळीकडे लिहिलंय दोन-तीन दिवस बाहेर ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात दुसऱ्या दिवशीच बरणी फसफसते. चायनीज कोबीही प्रत्येक वेळी मिळत नाही.

दर्यावर्दी (बेती)

कोरियात वर्षाची किमची थंडी पडायच्या तोंडावर, सगळ्या घरानं आणि शेजाऱ्यांनी मिळून घालतात. किमजांग म्हणतात, २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जुन्या काळी मडकी जमिनीत पुरून ठेवत. आपल्या उकाड्याला तो हिशेब लागू नाही. बरणी काठोकाठ भरू नका. दिवसभर बाहेर, बुडबुडे दिसले की लगेच फ्रीज. भाजी पाण्याखाली दाबलेली हवी.

म्हापशेकर

कोबी नसेल तर मुळ्याची घाला. फक्त तिला किमची म्हणू नका, तिरफळताई येतील.

तिरफळ (फोंडा)

म्हणा की खुशाल. कोरियात मुळ्याचीही किमचीच असते, चौकोनी फोडी करून घालतात. आधी मीठ लावून तासभर ठेवा आणि सुटलेलं पाणी काढून टाका, नाहीतर बरणीत नुसतं पाणी होईल.