कवींची पत्रं आणि संग्रहाची बांधणी : तुमचे अनुभव

पुण्यात कवींनी मिळून पुस्तकं काढायची रीत निदान रविकिरण मंडळ या कवींच्या गटापासूनची, म्हणजे १९२३ पासूनची. कागद, फॉर्मे, शिलाई यांवर कवींनी एकमेकांना लिहिलेली पत्रं तुमच्या घरी असतील तर त्यात काय आहे ते इथे लिहा. नावं नकोत.

सदाशिव पेठ
वडिलांच्या साताऱ्याच्या कविमित्राचा संग्रह पुण्यात छापला जात होता. खिळेजुळणीचा काळ, प्रेसवर खेपा वडिलांच्या. एका आंतरदेशीय पत्रात मित्र विचारतो, ‘६४ पानांत बसत नाही, दोन कविता उरतात. कुठल्या काढू?’ एक कागद छापून घडी घातली की १६ पानांचा फॉर्मा, पाचवा धरला की कागद-छपाई दोन्ही वाढणार. वडिलांचं उत्तर हाती नाही, पण पुढच्या पत्रात आहे : ‘कविता काढायची नाही म्हणतोस, पटलं. अनुक्रमणिका गाळ. मनोगत आणि अर्पणपत्रिका एकाच पानावर घे.’ त्या संग्रहाला अनुक्रमणिका का नाही, हे मला पत्र वाचल्यावर कळलं. आता तो चाळताना प्रत्येक कवितेवर जास्त जीव जडतो.

कोथरूड
कोल्हापूरच्या कवयित्री मैत्रिणीनं मला ईमेलमध्ये बजावलं होतं, ‘नुसत्या गोंदावर विसंबू नकोस, जुजशिलाई करून घे. वाचणाऱ्याला पुस्तक हातानं दाबून धरावं लागता कामा नये.’ फॉर्मे दोऱ्यानं शिवायचे म्हणून खर्च वाढला, पण आजही एकही पान सुटलेलं नाही. आकार क्राउन नको, डेमी घे, हेही तिचंच. माझ्या ओळी लांब. लहान पानावर त्या मोडून खाली उतरल्या असत्या आणि लय गेली असती.

शनिवार पेठ
आमचं बाइंडिंगचं काम, अप्पा बळवंत चौकाजवळ. फॉर्म्यांच्या घड्या आई आणि आम्ही बहिणी घरी घालायचो. खळीत मोरचूद टाकायचा, म्हणजे कीड लागत नाही. कवींच्या चिठ्ठ्या यायच्या : ‘पुठ्ठ्यावरचं कापड गडद निळंच हवं’, ‘कटिंग जपून, समास कमी करू नका’. कादंबरीवाल्यांच्या अशा चिठ्ठ्या आल्याचं आठवत नाही. समासाबद्दल कवी अगदी हळवे. आणि ते बरोबरच होतं, कवितेभोवती मोकळा कागद लागतोच.

सदाशिव पेठ
वडिलांची पत्रं घडीवर फाटू लागलीत. चिकटपट्टी लावू नये एवढं ठाऊक आहे, कागद पिवळा पडतो. शनिवार पेठेतल्या ताई, खळीनं पातळ कागद मागून लावला तर चालेल का?