व्हीएफडी आणि जुनी मोटर: केबलची लांबीही बघा

जुन्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावण्याबद्दल इथे चर्चा चालली आहे. कमी वेगात मोटर तापते कारण तिचा पंखा शाफ्टवरच असतो आणि तोही हळू फिरतो, हे कुणीतरी लिहिलंय ते अगदी बरोबर. लोड तेवढाच ठेवून २० हर्ट्झखाली सतत चालवायची तर वेगळा पंखा लावाच. पण केबलच्या लांबीचं कुणी बोललंच नाही. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस (आतला डीसी पुरवठा) साधारण ५८५ व्होल्टचा. आयजीबीटी (ड्राइव्हमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) इतक्या झपाट्याने स्विच होतात की लांब केबल असली तर व्होल्टेजची लाट परावर्तित होऊन मोटरच्या टर्मिनलवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेजचे स्पाइक येतात. जुन्या वाइंडिंगचं इन्सुलेशन त्यासाठी केलेलंच नसतं.

आमच्याकडे पंपाची जळलेली मोटर उघडली, तर लीडजवळचे (केबल जोडतात त्या टोकाचे) पहिले एक-दोन वेढेच काळे पडलेले, बाकी वाइंडिंग स्वच्छ; स्पाइकचा मार आधी तिथेच बसतो. रिवाइंडिंगला इन्व्हर्टर ग्रेडची (असे स्पाइक सोसणारी) तार मागून घेतली आणि ड्राइव्हच्या आउटपुटला चोक (व्होल्टेजची झपाट्याने होणारी चढ मंदावणारी कॉइल) बसवला. चोक ड्राइव्हपाशी लावायचा, मोटरपाशी नाही.