थरांचं कॉकटेल जमलं का? अनुभव लिहा

सुट्टीतल्या पार्टीसाठी एकाच ग्लासात तीन रंग वेगवेगळे दिसतील असं कॉकटेल करायचं घाटतंय. पाककृती ढिगाने मिळतात, पण 'हळूच ओता' याच्यापलीकडे कोणी फारसं सांगत नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. दारू न घेणाऱ्यांसाठीचे प्रकारही हवेत.

—

हळू ओतण्याआधी क्रम बघा. साखर जास्त तितका द्रव जड, अल्कोहोल जास्त तितका हलका. म्हणून ग्रेनाडिनसारखं (डाळिंबी रंगाचं) घट्ट सिरप तळाला, मध्ये संत्र्याचा रस, आणि व्होडका किंवा पांढरी रम वर. निळं कुरासाव (संत्र्याच्या सालीच्या स्वादाची गोड दारू) मात्र फसवं. त्यात अल्कोहोल असतं तशी साखरही भरपूर, त्यामुळे नुसतं ओतलं तर रसातून खाली जातं. मी ते निम्मी व्होडका घालून हलकं करते, मग वर राहतं. रसाला भिडतं तिथे हिरवी रेघ उमटते. मला ती आवडते, नवऱ्याला नाही.

—

बी-५२ या तीन थरांच्या कॉकटेलपासून सुरुवात करा. कॉफी लिकर (लिकर म्हणजे गोड, स्वादाची दारू), त्यावर आयरिश क्रीम (व्हिस्की आणि सायीचं लिकर), सगळ्यात वर ऑरेंज लिकर, तिन्ही सारख्याच मापात. चमचा पालथा करून ग्लासच्या आतल्या कडेला टेकवायचा आणि त्याच्या पाठीवरून बारीक धार सोडायची. बाटलीतून थेट ओतू नका, छोट्या मापातून ओतलं की धार हातात राहते. ग्लास अरुंद घ्या, थर जाड दिसतात.

—

आयरिश क्रीमच्या शेजारी लिंबाचा रस चुकूनही नको. आंबटाने क्रीम फाटतं, गुठळ्या होतात.

—

आमच्याकडे मुलंही असतात, म्हणून बिनदारूचंच करतो. बाटलीमागे १०० मिलीमध्ये किती ग्रॅम साखर ते छापलेलं असतं. सगळ्यात जास्त आकडा तळाला, मग उतरत्या क्रमाने. शुगर-फ्री पेय सगळ्यात वर. सोडा टाळतो, बुडबुडे थर ढवळून काढतात. सगळ्यात भाव खातो तो गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा. थंड करून, साखर न घालता, गोड लिंबू सरबतावर बर्फावरून सोडायचा. दोन्ही भेटतात तिथे आंबटामुळे निळ्याचं जांभळं होतं, म्हणजे तिसरा रंग फुकट!

—

मी थोडा विरोधी सूर लावतो. दिसायला झकास, पण पहिला घोट नुसत्या व्होडकाचा आणि शेवटचा नुसत्या सिरपचा. स्ट्रॉ दिली तर उलटं. शेवटी ढवळूनच प्यायचं, तर तीनच्या वर थर लावत बसू नये.

—

वरच्यांशी सहमत. बरेच पाहुणे असतील तर चमचा घेऊन प्रत्येक ग्लासाशी झटापट करणं शक्यच नाही. तेव्हा सरळ टकीला सनराइज. उंच ग्लास बर्फाने भरा, टकीला आणि संत्र्याचा रस घालून ढवळून घ्या, मग कडेने थोडं ग्रेनाडिन सोडा. ते आपोआप तळाशी जातं आणि लालपासून पिवळ्यापर्यंत छटा तयार होतात. टकीला आणि रस आधीच मोठ्या जगमध्ये मिसळून फ्रीजमध्ये ठेवा. ग्रेनाडिन मात्र ग्लास हातात देतानाच, कारण उभे राहिलेले ग्लास हळूहळू एकरंगी होत जातात.