कललेलं जहाज: दुसऱ्या बाजूच्या टाक्या भरल्या की झालं?

धायरीकर: मुलगा मर्चंट नेव्हीच्या तोंडी परीक्षेची तयारी करतोय. काल जेवताना विचारलं, "बाबा, जहाज डावीकडे कललं तर उजवीकडच्या टाक्या पाण्याने भरायच्या ना?" मी मेकॅनिकलवाला, म्हटलं हो. तर म्हणे, याच उत्तराला क्लासमध्ये शून्य मिळालं. का?

माजी नौसैनिक: टाक्या नंतर! लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत आम्हाला आधी पाणी अडवायला शिकवलं. दारं बंद करा, भोकात पाचरी ठोका, गादी मिळाली तर गादी कोंबा.

कोथरूडचा मेट: हे अगदी बरोबर. आता टाक्यांचं. कललं का, ते आधी बघायचं. एका बाजूला वजन वाढलं असेल तर तुमचं उत्तर चालतं. पण जीएम, म्हणजे कललेलं जहाज परत सरळ होण्याच्या क्षमतेचं माप, उणे झाला असेल तर जहाज सरळ उभंच राहू शकत नाही, कुठल्या तरी एका कुशीवर टेकून राहतं. याला लॉल म्हणतात. तेव्हा वरच्या कुशीला वजन टाकाल तर ते दुसरीकडे धाडकन आपटेल, कदाचित उलटेलच.

1994 ला डेकवर लाकूड लादून निघालो होतो. लाकूड पाणी पिऊन जड झालं, तळातल्या टाक्यांतलं इंधन संपत आलं. हेलकावे इतके संथ, की पोटात गोळा यायचा. एका पहाटे जहाज सहा अंश पोर्टला, म्हणजे डावीकडे कललं, आणि तिथेच बसलं. कॅप्टन म्हणाले, तळातली पोर्टचीच टाकी भरा! बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. कलणं आठ-नऊ अंशांवर गेलं, मग हळूहळू उतरलं. त्यानंतर स्टारबोर्डची, म्हणजे उजवीकडची भरली. एका वेळी एकच, कारण अर्धवट भरलेली टाकी म्हणजे पाण्याची परात. जरा तिरकी झाली की सगळं पाणी एका काठाला. म्हणून तर टाकीत लांबीच्या दिशेने मधोमध भिंत घालतात, त्रास चौथाईवर येतो.

पेठेतली: मग आग विझवताना मारलेलं पाणी?

कोथरूडचा मेट: ताई, 1942 ला न्यूयॉर्कच्या धक्क्याला नॉर्मंडी ही मोठी प्रवासी बोट आग विझवताना तशीच आडवी झाली. वरच्या मजल्यांवर पाणी साठलं, म्हणजे वजन उंचावर आणि तेही मोकळं फिरणारं. ते आधी काढायचं.

धायरीकर: मुलगा विचारतोय, कललेल्याच बाजूची टाकी आधी का?

कोथरूडचा मेट: तळात वजन हवंच, पण ते भरेपर्यंत जहाजाने कूस बदलायला नको, म्हणून. त्याला सांगा, लॉल ओळखायचा कसा हेही विचारतील.