शाहूपुरीत तळमजल्यावर राहायला आलोय, पुराची तयारी कशी करावी?

नवीन_शाहूपुरीकर
कोल्हापुरात कुंभार गल्लीच्या मागे तळमजल्यावर भाड्याने आलोय. सोबत आईवडील आहेत. घरात फ्रीज, इन्व्हर्टर, दोन दुचाक्या, जमिनीत पाण्याची टाकी. भिंतीवर 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा आहेत. सामान नेमकं कधी हलवायचं? आणि नदी एवढी लांब असताना पाणी येतं कुठून?

पंचगंगाकाठ
नदी लांब असली तरी जयंती नाला जवळ आहे. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलट नदीच नाल्यातून मागे शिरते. म्हणून रस्ता कोरडा दिसत असला तरी गटारीच्या चेंबरकडे लक्ष ठेवा. चेंबर काठोकाठ भरून पाणी खाली जायचं थांबलं, की वेळ कमी उरला समजा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पण हे आकडे नदीचे आहेत, तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. तुमचा आकडा तुम्हीच काढायचा. 2021 ला पातळी 56 फुटांच्या वर गेली होती. समजा त्या वर्षाची खूण उंबऱ्यापासून चार फुटांवर आहे, तर बंधाऱ्यावर साधारण 52 फूट झाले की पाणी तुमच्या दारात. त्यातून दोन फूट सोडून द्या, कारण शहरातच जोराचा पाऊस असेल तर नाला आधी फुगतो. म्हणजे 50 ला घर रिकामं असलं पाहिजे आणि सामान हलवायला 47 ला हात घातला पाहिजे. आईवडिलांना मात्र 43 लाच पाहुण्यांकडे पोचवा. रात्री अंधारात, कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढणं फार जिवावरचं काम असतं.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का, एवढंच विचारत बसू नका. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एकातून 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येतं, हे खरं. पण दरवाजे बंद असतानाही भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या तिला मिळणाऱ्या नद्यांच्या पाणलोटातल्या पावसाने पंचगंगा चढते. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळ्याच्या पावसाचे आकडे बघा, त्यावरून जास्त कळतं. आणि चढलेलं पाणी लवकर उतरत नाही. खाली नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णा फुगलेली असली की ते इंचाइंचाने ओसरतं. आठवडाभर घराबाहेर राहायचं धरूनच कपडे आणि औषधं घ्या.

नळ_आणि_टाक्या
जमिनीतली टाकी रिकामी करू नका, काठोकाठ भरा. रिकामी प्लास्टिकची टाकी पाण्याच्या दाबाने उचलली जाते आणि पाइप तुटतात. पुरानंतर त्यातलं पाणी प्यायचं नाही. टाकी उपसून, घासून, पुन्हा भरून हजार लिटरला दीडशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनवाली) टाका. चोवीस तासांनी ते सगळं सोडून द्या आणि मगच वापरायचं पाणी भरा. रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला पाच ग्रॅम पुरते. पावडर आधी बादलीत कालवा, अर्धा तास थांबा, वरची निवळी तेवढी टाकीत ओता.

संडासाच्या भांड्यातून मैला उलटा घरात येतो, तो सगळ्यात वाईट. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून भांड्यात गच्च बसवा, न्हाणीच्या जाळीवरही तसंच करा. घरमालक ऐकत असतील तर चेंबरकडे जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवून घ्या.

गॅसचा सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि वर न्या. नाहीतर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा.

वायरमन_बावडा
पाणी पायरीला लागायच्या आत मेन स्विच पाडा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही, मग आत काहीही राहिलेलं असो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, एकट्याने उचलू नका आणि आडवी करू नका, ॲसिड सांडतं.

पाणी गेल्यावर लगेच लाइट चालू करायची घाई नको. बोर्ड उघडून गाळ काढायचा, वायरी वाळू द्यायच्या, मग मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा. रीडिंग एक मेगाओमच्या खाली असेल तर सप्लाय द्यायचा नाही. बुडालेले एमसीबी (बोर्डातले आपोआप पडणारे स्विच) वाळवून परत वापरू नका, बदलाच. पैसे वाचवायची ही जागा नाही.

गाळ_आधी_काढा
पुरानंतरचं एक काम बहुतेकांचं उशिरा होतं. पाणी पूर्ण ओसरायची वाट बघू नका. घरात घोट्याएवढं राहिलं, की खराटा घेऊन फरशीवरचा गाळ त्याच पाण्यात ढवळा आणि ओसरत्या पाण्याबरोबर दाराबाहेर लोटा. कोपरे आणि कपाटांखालची जागा आधी. हा गाळ बारीक, चिकट असतो. एकदा बसला की खोऱ्याने खरवडावा लागतो आणि धुवायला नळाला पाणी नसतं, कारण 2019 ला आणि 2021 ला शहराला पाणी पुरवणारी बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. पायात गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

धुवायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक आणि त्या पत्त्याचं लाइट बिल लागतं. भाडेकरू असाल तर भाडेकरार आत्ताच वेगळ्या पिशवीत ठेवा. भिंतींना रंग एवढ्यात लावू नका. ओल आत असते, लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) धरून पोपडे येतात. एक उन्हाळा जाऊ द्या.

नवीन_शाहूपुरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच टेप घेऊन खूण मोजतो. दुचाक्या बुडाल्याच तर काय करायचं?

पंचगंगाकाठ
त्या 43 लाच राजारामपुरीकडे उंचावर लावून या. बुडालीच तर किक किंवा बटण अजिबात मारू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीला आधी कळवा आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या. प्लग काढून पाणी बाहेर काढणं, ऑइल बदलणं, एअर फिल्टर नवा टाकणं, एवढं झाल्यावरच ती सुरू करायची. ऑइल दुधाळ दिसलं तर थोडं चालवून पुन्हा बदला.