शाळेच्या दुरुस्ती-खोलीत कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आधी काय करावे?

शाळेचा_लिपिक

आमची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. जुन्या भूगोल कक्षात आम्ही दुरुस्तीची खोली चालवतो. तेथे एक बेंच ग्राइंडर, दोन हँड ग्राइंडर, स्टँडवरचे ड्रिल, छोटे वेल्डिंग यंत्र आणि रंगाचे डबे आहेत. काम करणारे म्हणजे मानधनावरचे एक सुतार आणि दोन शिपाई. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी मोडकी बाके तयार हवीत, म्हणून सगळे काम मे महिन्यातच दाटते.

गेल्या आठवड्यात हँड ग्राइंडरची चकती फुटली आणि तिचा तुकडा एका मामांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक कवच, काढून ठेवलेला होता. कारण विचारले तेव्हा "गार्ड असला की बाकाच्या कोपऱ्यात चकती पोचत नाही," असे उत्तर मिळाले, आणि त्यात तथ्य होते. मुख्याध्यापकांनी मला नियमावली लिहिण्यास सांगितले आहे. पण भिंतीवर आणखी एक फलक लावून हे थांबेल, असे मला वाटत नाही. पैसे थोडे आहेत. सुरुवात कोठून करावी?

शिल्पनिदेशक_यंत्रकारागीर

चकतीवर छापलेला वेग आणि यंत्रावरच्या पट्टीवरचा वेग आधी ताडून पाहावा. चार इंची हँड ग्राइंडर साधारणपणे मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. सात इंची चकतीची मर्यादा मात्र बहुधा ८,५०० फेऱ्यांची असते. छोट्या यंत्रावर मोठी चकती बसवायची तर गार्ड काढावाच लागतो, आणि माझ्या अनुभवात गार्ड गायब होण्याचे खरे कारण पुष्कळदा हेच निघते, कोपऱ्याची अडचण नंतर सांगितली जाते. तुमच्याकडे तसे नसेल, तर कोपऱ्यातले काम ग्राइंडरने करूच नये. बाकाचा सांधा सुटा करून तुकडा शिकंजात धरावा, किंवा कानस वापरावी. वेळ अधिक लागेल, हे मुख्याध्यापकांनी आधीच मान्य केलेले असले पाहिजे. अन्यथा "लवकर आटपा" या एका वाक्यापुढे तुमची नियमावली टिकणार नाही.

बेंच ग्राइंडरवर टेकू (ज्यावर तुकडा टेकवून धरतात ती पट्टी) आणि दगड यांच्यातील फट ३ मिलिमीटरहून अधिक नसावी. दगड झिजतो तशी ही फट वाढत जाते आणि एके दिवशी हातातला तुकडा तिच्यात ओढला जाऊन दगड फुटतो. नवा दगड चढवण्यापूर्वी बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकावा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तो दगड टाकून द्यावा. आणि ड्रिलवर काम करताना हातमोजे घालू नयेत. पुष्कळ ठिकाणी फलकावर नेमके उलटे लिहिलेले असते, पण मोजा फिरत्या बिटात अडकला की तो हातालाही सोबत ओढतो.

निवृत्त_वीजतंत्री

त्या खोलीत एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा स्विच) असेल आणि त्यावर सर्वजण निर्धास्त असतील, असा माझा अंदाज आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी पडण्यासाठी त्याहून अधिक प्रवाह लागतो, माणसाचे हृदय मात्र त्याच्या शेकडो पट कमी प्रवाहानेही बंद पडू शकते. तुम्हाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पावसाळ्यात तो वारंवार पडू लागला की कोणीतरी तो वगळून जोडणी करतो. पडतो म्हणजे कोठेतरी गळती आहे, ती शोधावी.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. काम चालू असताना वीज जाते, मामा बटण तसेच ठेवून चहाला जातात, वीज परत येते आणि कोणी बिट बदलत असतानाच ड्रिल आपोआप फिरू लागते. यासाठी शेतातल्या पंपाला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर बसवावा. वीज गेली की तो सुटतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. फक्त पंपाला लावतात तसे ऑटो, म्हणजे वीज येताच यंत्र आपोआप सुरू करणारे उपकरण, येथे जोडू नका.

मुख्याध्यापिका_ग्रामीण

वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत, पण आमच्याकडे अडचण यंत्रांची नव्हती. सुट्टीत एकच मामा शाळेत असत आणि एकटेच वेल्डिंग करत बसत. आता मुख्य स्विचला कुलूप आहे. दोघे हजर असल्याशिवाय किल्ली कार्यालयातून मिळत नाही, आणि यंत्र उघडायचे असेल तेव्हा ती किल्ली उघडणाऱ्याच्याच खिशात राहते. थिनर आणि रंग वेगळ्या खोलीत हलवले, कारण थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि वेल्डिंगची ठिणगीही तेथेच पडते. किल्ली मलादेखील एकटीला मिळत नाही, यावर मामांचा विशेष आनंद आहे.

शाळेचा_लिपिक

आज यंत्रावरची पट्टी वाचली. आमचा ग्राइंडर चार इंची आहे आणि कपाटातल्या अकरापैकी सात चकत्या सात इंची निघाल्या. त्या मागवण्याच्या पावतीवर माझीच सही आहे. त्या मोडून टाकल्या आहेत. कुलूप आणि आरसीसीबी यांचा खर्च सोमवारी मुख्याध्यापकांपुढे ठेवतो.